जुन्या कव्हरात राहिलेली चिप

“आधी गाडी सुरू करून दाखवा, मग किल्ली न्या.”

किल्लीआत्या हे वाक्य आयुष्यभर इतकं बोलली की पुढंपुढं ते म्हणताना तिचे ओठसुद्धा नीट हलत नसत. दुरुस्त केलेली किल्ली मुठीत धरून ती दुकानाबाहेर यायची, गिऱ्हाइकाच्या मागोमाग त्याच्या गाडीपर्यंत चालत जायची, आणि इंजिनाचा आवाज कानावर पडल्याशिवाय तिथून हलायची नाही. ऊन असो, चिखल असो. कुणी घाईतला माणूस म्हणायचा, “आत्या, राहू द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे माझा.” त्यावर ती म्हणायची, “माझ्यावर असू द्या. किल्लीवर माझा नाही.”

तिचं दुकान म्हणजे बसथांब्यामागच्या लांबलचक भिंतीतली एक खाच होती. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. भिंतीला खिळे, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. टेबलावर वाकवता येणारा दिवा, भिंग, डाग द्यायची विजेची पेन्सिल, सुईसारखे पेचकस, आणि बाटल्यांच्या झाकणांत निवडून ठेवलेले बारके स्क्रू. अंगात निळा कोट. पूर्वी ती विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात तारा जोडायची, तिथला तो कोट. कारखाना बंद पडला, कोट राहिला. मोटारींच्या किल्ल्यांना बटणं आली आणि पोटात विजेची करामत आली, तेव्हा साधे किल्लीवाले हात वर करून मोकळे झाले. हिनं एक मोडकी किल्ली घरी नेली, उघडून बसली, आणि तिचा नवा धंदा सुरू झाला.

लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर हातातलं काम न थांबवता म्हणायची, “गाडी सुरू करून दाखवणारा कुणी भेटला नाही.”

तिला एक थोरला भाऊ होता. आईबाप गेले तेव्हा ती शाळेच्या पहिल्या बाकावर बसण्याएवढी होती आणि भाऊ दुधाच्या टँकरवर नुकता लागला होता. तो तिला पहाटे उठवायचा, केबिनमध्ये शेजारी बसवायचा, दूध उतरवून झालं की त्याच टँकरनं शाळेच्या फाटकाशी सोडायचा. वर्गातली मुलं हसायची. तिला ते राजाच्या रथातून उतरल्यासारखं वाटायचं. रस्त्यानं जाताना भाऊ म्हणायचा, “बारके, डोळे मीट. काय ऐकू येतंय ते सांग.” ती डोळे मिटून इंजिन ऐकायची. कुठं खरखर आहे, कुठं पट्टा सैल झालाय, हे ती पाढ्यांच्या आधी शिकली. मीटरच्या कारखान्यात तिला चिकटवण्यासाठी त्यानंच साहेबाच्या दारात हेलपाटे घातले. जगानं तिला आत्या म्हटलं, कारण भावाचा मुलगा आत्या म्हणायचा आणि बाजारानं ते उचललं. भाऊ मात्र तिचे केस पांढरे झाले तरी बारकेच म्हणत राहिला.

टँकरवरून निवृत्त झाल्यावर दादानं एक करडी, छोटी मोटार घेतली. तिची बटणांची किल्ली पाहून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. “ही किल्ली आहे का रेडिओ?”

“रेडिओच आहे, दादा. पण तो गाडीशी बोलतो. तू मध्ये तोंड घालू नकोस.”

त्या मोटारीचं खरं काम पुढं निघालं. वहिनीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, उजवं अंग गेलं. घरात उचलायला माणूस नव्हता. मुलगा दूरच्या गावी नोकरीला, सून दिवसभर शिलाईच्या कारखान्यात, नात शाळेत. म्हणून वहिनीला गावाबाहेर टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथवर थेट बस नव्हती. दादा रोज दुपारी मोटार काढायचा, टेकडी चढायचा, तिला चमच्यानं भरवायचा, तिचे केस विंचरायचा आणि दिवसभरात काय काय घडलं ते तिला सांगत बसायचा. तिथल्या बाया भरवायला गेल्या की वहिनी दात आवळून धरायची. दादाचा चमचा पाहिला की तोंड उघडायची.

असं बरेच दिवस चाललं. मग दादाचं काहीतरी बिघडायला लागलं.

आधी भाजीच्या गाडीला धक्का बसला. गाडी मध्येच होती, तो म्हणाला. मग गोल चौकात तो उलट्या बाजूनं शिरला आणि समोरच्यांनाच शिव्या घातल्या. मग एके दुपारी नातीला शाळेतून आणायला गेला तो दिवेलागणीच्या सुमाराला परतला. नातीच्या तोंडाचा रंग उडालेला. ती आईला म्हणाली, “आजोबा लाल दिव्याला थांबलेच नाहीत. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंनी एका मुलाला कॉलर धरून मागं ओढलं. आणि नंतर त्यांना आपलं घर सापडेना.” दादानं हात झटकले. “पोर आहे. पोरांना काय, काहीही वाटतं.”

सुनेनं किल्ली लपवून पाहिली. दादानं कपाटं रिकामी केली, गाद्या उलट्या केल्या, आणि मग उंबऱ्यात बसला. जेवला नाही. शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला चोर म्हणाला. तिनं किल्ली आणून त्याच्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. आपलं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती आत्याच्या दुकानात आली. कारखान्याचे दोरे तिच्या बाह्यांना चिकटलेले होते.

“आत्या, किल्ली बिघडवता येते का?”

आत्यानं भिंगातून डोळा काढला. “कुणाची?”

“तुम्हाला माहीत आहे कुणाची.”

“त्याच्याशी बोल. तुझ्या नवऱ्याला सांग बोलायला.”

“ते म्हणतात, बाबांशी मी कसं बोलू. दुसरी किल्ली तेवढी बरोबर घेऊन गेले, झालं त्यांचं बोलून. डॉक्टरांकडे नेलं तर बाबा म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. डोळे आहेतच हो ठणठणीत. मी किल्ली लपवली तर मी चोर. गाडी विकली तर मी त्यांना मारलं म्हणतील. कुणीच केलेला नाही असा बिघाड पाहिजे.”

“बॅटरीची तार काढ.”

“आत्या, तुम्ही म्हणता हे? बोनेट उघडून ते आधी तेच बघतील.”

ते खरं होतं. बोनेटखालची प्रत्येक तार दादाच्या बोटांना पाठ होती. मोटारीत एकच जागा अशी होती की जिथं त्याचा हात पोचत नव्हता, आणि ती जागा त्याच्या बहिणीच्या टेबलावर रोज उघडी पडलेली असायची.

“मग वहिनीचं काय?” आत्यानं विचारलं. “रोज जातो तो.”

सुनेनं बाहीवरचा एक दोरा ओढून काढला. मग म्हणाली, “परवा त्या मुलाची कॉलर धरली नसती तर काय, ते सांगा मला. पुढच्या वेळी आमचीच पोरगी असेल, आत किंवा समोर.”

आत्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. सून गेली.

पुढं जे झालं ते किल्लीनंच केलं म्हणायचं. आठवडाही उलटला नसेल, दादा चालत दुकानात आला. किल्ली फरशीवर आपटून कव्हर चिरलं होतं, धातूचं पातं निखळून हातात आलं होतं. गाडी सुरू करायच्या भोकात घालून पिळायला काही धरच उरला नव्हता.

“बारके, हा तुझा रेडिओ मेला.”

“दे इकडे. कव्हर बदलते.”

काम सोपं होतं. नवं कव्हर घ्यायचं, पातं बसवायचं, बटणांची हिरवी पट्टी उचलून आत ठेवायची. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. अशा किल्लीत पट्टीपासून वेगळी, कव्हराच्या एका कोपऱ्यात चिकटलेली, खड्याएवढी काळी चिप असते. मोटार तिला ओळखते. ती जवळ असली तरच इंजिन धरतं. नवशिके कव्हर बदलतात आणि ती चिप जुन्या कव्हरातच विसरून कचऱ्यात टाकतात. मग बटण दाबलं की दारं उघडतात, दिवे लुकलुकतात, आणि इंजिन मात्र खोकून गप्प बसतं. असल्या विसरभोळ्यांचे घोळ निस्तरण्यातच आत्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

दादा स्टुलावर बसला होता. वहिनीनं काल डाव्या हाताची बोटं हलवली, माझा अंगठा धरला, असं सांगत होता. आत्याचा पेचकस चिपपाशी येऊन थांबला. तिनं चिप उचलली नाही. नवं कव्हर दाबून बंद केलं, स्क्रू पिळला, आणि जुनं कव्हर कोटाच्या खिशात घातलं.

“घे.”

दादा उठला. “चल, घरापर्यंत येतेस ना? सुरू करून बघायला?”

“तू बघ जाऊन. घरच्या माणसाला कसला आलाय नियम.”

त्याला ते आवडलं. हसत हसत गेला. आत्यानं दिवा बंद केला आणि अंधारातच बसून राहिली. बाहेर कुणीतरी विचारत होतं, दुकान चालू आहे का.

संध्याकाळच्या आत तो परत आला. “दारं उघडतात, इंजिन धरत नाही.”

तिनं किल्ली उघडली, भिंग लावलं, बराच वेळ पाहिल्यासारखं केलं. “आतली चिप गेली असेल, दादा. आपटली तेव्हाच. कंपनीकडून मागवावी लागेल.”

“किती दिवस?”

“लागतील.”

त्यानं शंका घेतली नाही. बारकी म्हणाली म्हणजे झालं. तिनं कबूल केलं की दुकान बंद असतं त्या वारी ती त्याला दोन बसेस बदलून, पुढं टेकडी चालून वहिनीकडे नेईल. शब्द तिनं पाळला. पण रोजचं जाणं आठवड्यावर आलं. पहिल्या खेपेला वहिनी दादाकडे बघतच राहिली आणि अधाशासारखी जेवली. नंतरच्या खेपेला निम्मं तोंडातून गळलं. तिथली एक आया आत्याला बाजूला घेऊन म्हणाली, “दुपार झाली की दाराकडे मान करून पडतात. आमच्या हातचं घेत नाहीत. आता नळी घालावी लागणार.”

“त्यांना सांगितलं का, गाडी बंद आहे म्हणून?”

“सांगितलं. कळतं की नाही कुणास ठाऊक.”

परतीच्या बसमध्ये दादा खिडकीशी बसला होता. “कंपनीला एक फोन करशील का गं?” आत्या म्हणाली, “केलाय.” खिशात जुनं कव्हर होतं. ती रोज ते खिशातून काढायची आणि पुन्हा ठेवायची. चिप बसवायला हात धुण्याइतका वेळ लागला असता. ती दुकानातून शाळेच्या रस्त्यानं घरी जायला लागली होती. ती रस्ता ओलांडून देणारी बाई काठी आडवी धरायची, मुलांची रांग पलीकडे जायची. ते पाहून झालं की कव्हर खिशातच राहायचं.

तिनं सुनेला एकदाच विचारलं, भाड्याच्या गाडीनं रोज नेता येईल का. सून म्हणाली, “मी म्हटलं होतं. ते म्हणाले, माझी गाडी दारात असताना मी दुसऱ्याच्या गाडीत पाहुण्यासारखा जाऊ? बारकी करतेय दुरुस्त.” त्या शेवटच्या शब्दांवर दोघी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या.

दादा रोज दुपारी ठरल्या वेळी अंगणात जायचा, मोटारीत बसायचा, किल्ली पिळायचा. इंजिन खोकायचं. तो थोडा वेळ चाक धरून बसायचा आणि पुन्हा पिळायचा. सून कारखान्यातून सुट्टीवर असली की तिला स्वयंपाकघरातून ते ऐकू यायचं.

वहिनी एका दुपारी गेली. आठवड्याच्या मधल्याच कुठल्याशा दिवशी. निरोप आला तेव्हा दादा मोटारीतच होता.

लोक भेटायला आले, त्या प्रत्येकाला दादा एकच सांगायचा. “गाडी बंद पडली होती, नाहीतर मी असतो तिथं. चिप यायची होती.” लोक माना डोलवायचे. नशीब म्हणायचे. आत्या कोपऱ्यात बसून चहाचे कप विसळत होती. एका म्हाताऱ्यानं तिला समजुतीचं सांगितलं, “तू तरी काय करणार? वस्तू येईल तेव्हा येईल.” तिनं त्याच्या हातातला कप घेतला आणि धुतलेलाच पुन्हा धुतला.

त्यानंतर दादानं चिपची चौकशी सोडली. आत्याला वाटलं, संपलं. पण टँकरवाला माणूस बंद पडलेली मोटार दारात बघू शकत नाही. विकायची तरी चालू करून विकावी, असं त्याच्या मनात आलं आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात एका किल्लीवाल्याकडे गेला. आत्याकडे का गेला नाही? तिला आणखी त्रास नको म्हणून. हे त्यानंच नंतर सांगितलं.

त्या किल्लीवाल्यानं कव्हर उघडलं आणि हसला. “काका, इथं चिपच नाही. गेलीबिली काही नाही, मुळात ठेवलेलीच नाही. जुन्या कव्हरात राहिली. कुणी केलं हे काम?”

“माझ्या बहिणीनं.”

“मग नवीन असतील या कामात. होतं असं. नवशिके हमखास विसरतात.”

दादाला राग आला. “ती नवशिकी नाही. तुझ्यासारखे चार शिकवील ती. ती असलं काही विसरणार नाही.”

असं म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यापाशी थांबला. किल्लीवाला सांगायचा, काका बराच वेळ तसेच उभे होते, मला वाटलं चक्कर आली. मी खुर्ची दिली तर म्हणाले, नको, मला घर सापडतंय.

घरी आल्यावर त्यानं नातीला पाठवलं. आत्याला बोलावलंय म्हणून सांग.

आत्या आली तेव्हा तो मोटारीत चाकामागं बसला होता, दार उघडं, एक पाय बाहेर. उघडलेली किल्ली त्याच्या मांडीवर पडली होती. नातीला त्यानं शेजारी खेळायला जा म्हटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सून भांडी घासत होती.

“चिप कुठाय, बारके?”

आत्यानं किल्लीकडे पाहिलं. खोटं बोलायला आता जागा नव्हती. “माझ्याजवळ.”

“विसरली होतीस?”

“नाही.”

“मी म्हटलंच त्याला.” दादानं मान हलवली, जणू एवढं तरी आपलं बरोबर निघालं. “कुणी सांगितलं तुला?”

खिडकीतला भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत होता. आत्यानं तिकडे पाहिलं नाही. या माणसाला यापुढं या घरात जेवायचं होतं, याच बाईच्या हातचं. आजारी पडला तर तिनंच उचलायचं होतं. एकदा चोर म्हणून झालेलं होतं तिला. आता त्याहून मोठं काही म्हटलं गेलं तर या घरात दोघंही राहू शकली नसती.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “माझं मलाच वाटलं.”

“काय वाटलं?”

“तू माणूस मारशील असं वाटलं. शाळेपुढं मारतच होतास. तुला आठवत नाही.”

दादा चाकावरची धूळ बोटानं पुसत राहिला. “मी दहा हजार लिटरचा टँकर घाटातून उतरवलाय. तू शेजारी झोपलेली असायचीस.”

“माहीत आहे.”

“तुला कधी ओरखडा आला?”

“नाही, दादा.”

“ती दाराकडे बघायची. आया म्हणाली मला.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मी तिला सांगून आलो होतो, उद्या येतो. रोज तेच सांगून यायचो. तू खिशात घालून फिरत होतीस, आणि माझ्याशेजारी बसमध्ये बसत होतीस. टेकडी चढताना माझा हात धरत होतीस.”

आत्याचा हात कोटाच्या खिशात होता.

“किल्ली गिऱ्हाइकाची असते,” दादा म्हणाला. “माझी वस्तू मला दे.”

“नाही देणार.”

“आता कुठं जायचंय मला? टेकडीवर आहे का कुणी?”

“म्हणूनच नाही देणार. आता तर तू कुठंही जाशील.”

त्यानं मांडीवरची किल्ली उचलून बाजूच्या सीटवर ठेवली. मग पाय आत घेतला. “मुलीसारखी वाढवली तुला. माझ्याकडे परत येऊ नकोस. मी मेलो तरी तुला कळवणार नाहीत, मी सांगून ठेवीन.” आणि दार ओढून घेतलं.

आत्यानं काचेवर हात ठेवला. तो समोर बघत राहिला. तिनं हात काढून घेतला तेव्हा काचेवर पाच बोटांचा ओलसर ठसा राहिला, तो हळूहळू उडून गेला. फाटकापर्यंतची वाट लहानशीच होती, पण ती फार सावकाश गेली. खिडकीत सून उभी होती, हातात साबणाचं भांडं, नळ तसाच चालू. तिचे ओठ उघडले होते. तिनं हाक मारली नाही. मोटारीत बसलेल्या दादानं मान वळवली नव्हती, पण निळा कोट फाटकातून बाहेर पडून भिंतीआड जाईपर्यंत तो आरशातून तिच्याकडेच बघत होता.